गंज

अवधान फाट्याच्या अलीकडे, ज्या टपरीचा चहा
दुपारनंतर नुसता उकळत राहतो,
तिच्या मागे आमचा खड्डा.
तळाला ऑइल पिऊन काळी झालेली माती.
दिवसाचे आठ तास मी तिथून आभाळ बघतो.
दोनच पट्ट्या, चासीच्या अल्याड-पल्याड.

आधारतात्याची गाडी सकाळी वर येऊन उभी राहिली.
अकरा वर्षं मिठाची.
कच्छातून भरायची, नवापूर, कोंडाईबारी,
पोती वळणावळणाला पाझरायची,
आणि मीठ काही भाडं मागत नाही,
बसल्या जागी पत्रा खातं.

आमच्या अहिराणीत गंज म्हणजे पुष्कळ.
गंज दिन झायात भाऊ, दिखना नही कोठे,
तात्या वरून वाकून म्हणाला,
आणि मला खालून दोन्ही अर्थ दिसले.

डोळ्यावर भरवसा नको, गुलाब मिस्तरी सांगायचा,
सकाळच्या उन्हात गंज
केळीच्या वाळल्या पानासारखा देखणा दिसतो.
कानानं बघ.

ठोकत गेलो.
पहिला आडवा, ठण्ण. दुसरा, ठण्ण.
पाट्यांच्या ब्रॅकेटाजवळ आवाज जरा बसका, पण ठण्णच.
तिसऱ्यावर, डिझेल टाकीच्या मागे,
हातोडी बोलली नाही.
आत गेली.
अंगठा मावेल एवढं भोक,
कडेला कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे.

तात्या, हा कापून नवा टाकू. दीड दिवसाचं काम.
तात्या म्हणाला, साक्रीकडचा पोऱ्या येतोय परवा,
आजवर दुसऱ्याची हाकलली, आता स्वतःची घेतोय.
बयाना देऊन गेलाय.
तू काळं मार.
गंज मार. जाड.
नोटा मोजून दिल्या त्यानं, खिशातल्या घामानं ओल्या.

मग सगळं रीतसर केलं.
दोन वायर ब्रश झिजवले.
तांबडी भुकटी पापण्यांवर, मिशीत, थुंकी विटकरी.
रॉकेलचं फडकं फिरवलं.
सायलेन्सरला गोणपाट, ब्रेकच्या नळ्यांना वर्तमानपत्र
(एका नळीवर कापसाचे भाव, दुसरीवर
कुणाचा तरी दशक्रिया विधी),
ग्रीसच्या निपलांना चिखलाचे बोळे.
रेड ऑक्साइडचा एक हात.
तो वाळेस्तोवर कळण्याची भाकर, मिरचीचा खुडा.
बोटं कितीही धुतली तरी घासाला लोखंडाची चव.

मग कॉम्प्रेसर फुरफुरला.
गाडीचं पोट काळंभोर होत गेलं,
तापीत डुंबून निघालेल्या म्हशीसारखं.

तिसऱ्या आडव्यापाशी गन थांबली.
बघतो तर ऑक्साइडही तिथं लागलेलं नव्हतं,
मला कळायच्या आधीच हातानं ठरवलेलं.
गुलाब मिस्तरी यातलं काही शिकवून गेला नव्हता.
पैसे खिशात होते,
बायकोच्या शिवणयंत्राचा पट्टा आणायचा होता.
तळहाताएवढी जागा सोडली.
तांबडी, उघडी, भोकासकट.
कडेनं मात्र सफाईनं काळं फिरवलं,
घरात फोटोला चौकट करावी तसं.

बाजूनं वाकणाऱ्याला ती दिसणार नाही.
टॉर्च मारून माना डोलावणाऱ्याला नाही.
मातीला पाठ टेकून जो आत सरकेल, त्यालाच.

परवा तो आला.
गाडी लिंबाखाली लावलेली, तात्यानं हार घातलेला.
पोऱ्याच्या अंगात नवा पांढरा शर्ट,
घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.
टायरला लाथ मारली. हॉर्न वाजवला, दोनदा,
दुसऱ्यांदा नुसता हौसेनं.
तात्या म्हणाला, खालून पण करून घेतलंय बघ, नवं कोरं.
मी खड्ड्याच्या काठावर पाना पुसत होतो,
पुसलेलाच पाना,
आणि बघत होतो त्या शर्टाकडे.

पोऱ्या खाली वाकला. उठला.
जमिनीकडे बघितलं, ऑइलच्या डागांकडे.
मग त्यानं गळ्याजवळचं
पहिलं बटण सोडलं.